आपल्याकडे सोमवारी बंद असतं

परवा ताईला घेऊन रावबहादुरांच्या बंगल्यात गेले होते. तिकीट काढून गेले, हे मुद्दाम सांगते, कारण आमचं लहानपण त्याच आवारात गेलं आणि तेव्हा तिकिटं आम्हीच फाडत असू. खिडकीतल्या मुलाने विचारलं, "ज्येष्ठ नागरिक का? ओळखपत्र दाखवा." ताई काठीवर रेलून म्हणाली, "तोंड दाखवतेय ते पुरत नाही का रे?" बिचाऱ्याने मुकाट्याने सवलतीची तिकिटं दिली. बंगला होता तसाच आहे, उलट आमच्या वेळेपेक्षा नेटका आहे. मागचा बग्गीखानाही आता दुरुस्त करून लोकांना खुला केलाय. आत एक जुनी बग्गी आणून उभी केलीय, काळी कुळकुळीत, आणि बाहेर पाटी आहे की इथे रावबहादुरांची बग्गी आणि दोन घोडे असत. पुढे काही नाही. घोड्यांनंतर तिथे आम्ही होतो, पण पाटीत ते यायचं काही कारण नाही. ताई दोरीपाशी उभी राहून बराच वेळ आत बघत होती. मग म्हणाली, "मेल्यांनी बग्गी आईच्या चुलीवर उभी केलीय गं." आणि हसत सुटली. त्या हसण्यामुळेच हे लिहायला बसले.

शनिवार पेठेत नदीच्या अंगाला हा दगडी दुमजली बंगला. रावबहादूर इंग्रजांच्या काळातले बडे न्यायाधीश. मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांच्यामागे घर विश्वस्तांच्या हाती आलं, आणि विश्वस्तांनी ठरवलं की रावबहादूर ज्या घरातून गेले ते घर तसंच्या तसं ठेवायचं आणि लोकांना दाखवायचं. आमचे वडील, म्हणजे अण्णा, तिथले व्यवस्थापक. व्यवस्थापक म्हटलं की ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात झाडण्यापासून मोठ्या घड्याळाला किल्ली देण्यापर्यंत सगळं अण्णाच करत, आणि लोकांना घर दाखवतही तेच. पगाराच्या जोडीला राहायला जागा होती, ती मागच्या बग्गीखान्यात. मध्ये फळ्यांची भिंत घालून दोन खोल्या केलेल्या. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या होत्या. त्यांतल्या एकीला वाळत घालायची दोरी, दुसरीला आईची सुपं आणि चाळण्या. दार एवढं मोठं की दोन्ही कवाडं उघडली तर आमचा संसार रस्त्यावर मांडल्यासारखा दिसे, म्हणून कायम एकच कवाड उघडं असायचं.

बंगल्यात मात्र काय नव्हतं! दिवाणखान्यात झुंबर, पियानो, छताला टांगलेला झालरीचा पंखा. तो दोरीने ओढायला म्हणे एक माणूस दिवसभर व्हरांड्यात बसून असे. जेवणाच्या खोलीत लांबलचक टेबल, त्यावर निळ्या फुलांच्या चिनीमातीच्या बश्या, काटे, चमचे, जणू साहेबलोक आत्ता जेवायला येतील. न्हाणीघरात पितळी नळ आणि एक कमोड, ज्याच्यापुढे शाळांच्या सहली सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहत. आणि रावबहादुरांची आरामखुर्ची. वेताची, लांब हातांची, त्या हातांवर पाय टाकून पडायची. तिच्यापुढे लाल गोंड्याची दोरी. तिच्यात बसायचा मोह भल्याभल्यांना होई. अण्णा कुठून तरी मागे येऊन उभे राहत आणि शांतपणे म्हणत, "आपलं नाव रावबहादूर का? नाही? मग राहू द्या." एका गृहस्थांना त्यांनी विचारलं होतं, "घरी खुर्ची नाही वाटतं?" असे आमचे अण्णा. लोक चिडत, पण पुन्हा हात लावायची कुणाची छाती होत नसे.

आमच्या घरात दोन शब्द होते. बंगला म्हणजे "आपल्याकडे" आणि बग्गीखाना म्हणजे "मागे". "आपल्याकडे आज सातारची सहल आली होती." "आपल्याकडे सोमवारी बंद असतं." "आपल्या झुंबराच्या दोन काचा तडकल्यात." आणि मग, "छत्री मागे राहिली," "मागे पाणी आलं का बघ," "जेवायला मागे येतो." बँकेतला माणूस आपल्या बँकेत म्हणतो, शाळेतला आपल्या शाळेत म्हणतो, तसंच ते. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. घर हा शब्द मात्र अण्णांनी बग्गीखान्याला कधी लावल्याचं मला आठवत नाही.

शिवाय एक नियम होता, आणि तो आईला फार जाचत असे. बंगला उघडा असेपर्यंत मागे फोडणी करायची नाही. बग्गीखान्याच्या झरोक्यातून निघालेला धूर थेट दिवाणखान्याच्या खिडकीत जाई. एकदा मिरचीच्या फोडणीने दिवाणखान्यातल्या समस्त मंडळींना ठसका लागला, आणि एक बाई झुंबराखाली शिंकत शिंकत म्हणाल्या, "अगंबाई, रावबहादुरांकडे आज पिठलं दिसतंय!" त्या दिवशी अण्णांचा चेहरा पाहवत नव्हता. तेव्हापासून सकाळी दार उघडायच्या आत आई सगळा स्वयंपाक उरकून ठेवी आणि दुपारी आम्ही गार जेवत असू. संध्याकाळी शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडला की अण्णा मोठ्या दाराला कुलूप घालत. त्या कुलपाचा आवाज मागे ऐकू येई आणि आई तेल तापत ठेवी. आजही कुठे कुलपाचा खटका ऐकला की मला भूक लागते. वय झालं तरी काही गोष्टी सुटत नाहीत.

ताई माझ्याहून पुष्कळ मोठी. विमल तिचं नाव. मुलींच्या शाळेत शिकवायची, बोलायला अण्णांच्या वळणाची आणि रंगाने सावळी. तिचं लग्न जमत नव्हतं. दोन-तीन ठिकाणची माणसं येऊन गेली. शेवटच्या वेळी आलेल्या मुलाची आई बग्गीखान्यात पाटावर बसून, पोहे खाता खाता, नाक फुलवून म्हणाली होती, "इथे घोडे होते ना? नाही, अजून जाणवतं हो." घोडे जाऊन किती वर्षं लोटली होती! आई त्या दिवशी भांडी घासताना रडली. अण्णा रात्री जेवले नाहीत. ताई म्हणाली, "घोड्यांनाच विचारायला हवं होतं, त्यांना कसं वाटलं ते." पण तीही आतून दुखावली होती. शाळेतून आली की न बोलता वह्या तपासत बसे. घरात लग्नाचा विषय निघाला की मी बाहेर पेरूच्या झाडाखाली जाऊन बसायची.

मग सांगलीचं स्थळ आलं. आईचे एक लांबचे भाऊ होते, बापूमामा. ते मिरजेला असत, पुण्याला आमच्याकडे कधी आले नव्हते. कुणाच्या तरी लग्नात त्यांची आणि अण्णांची गाठ पडली आणि अण्णा त्यांच्याशी तासभर बोलले. अण्णांना दुसरा विषय कुठला? आपल्या दिवाणखान्यात झुंबर आहे, आपल्याकडचा पियानो विलायतेहून आलाय, आपल्या टेबलावर एका वेळी डझनभर पानं बसतात. बापूमामा मान डोलावत राहिले आणि सांगलीला जाऊन त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. मुलगा सरकारी कचेरीत, नोकरी पुण्यातच, पण नुकतीच लागलेली. मुलगी पाहायला यायचं ठरलं ते सोमवारी, कारण त्या दिवशी आपल्याकडे बंद असतं.

सोमवार हा साफसफाईचा वार. बंगल्याची सगळी दारं-खिडक्या उघडून टाकायच्या, दोऱ्या काढून ठेवायच्या, जाजमं व्हरांड्यात झटकायची. प्रत्येक वस्तूपुढे एक छोटी पितळी पाटी असे, काय आहे आणि कधीचं आहे ते सांगणारी. त्या सगळ्या गोळा करून परातीतून मागे आणायच्या आणि चिंच लावून घासायच्या. पाहुणे संध्याकाळी पाचला येणार होते, तोवर सगळं आवरलं असतं. पण त्यांची एसटी वेळेआधी आली. एसटी वेळेआधी येणं हे त्या काळातही नवलच होतं. त्यांनी टांगा केला आणि टांगेवाल्याने पत्ता वाचून त्यांना थेट पुढच्या फाटकाशी उतरवलं. आता फाटकावर पाटी होती का? होती. संगमरवरी, त्यावर एकच शब्द, "स्मृती". वेळा लिहिलेली लाकडी पाटी वेगळी होती, ती अण्णा बंद असेल तेव्हा आत घेत. आणि पुण्यात दर चार बंगल्यांमागे एक मातृस्मृती किंवा पितृस्मृती असतेच. त्यांना वाटलं, हेच घर.

मी व्हरांड्यात जाजम झटकत होते. मुलगा, त्याचे वडील आणि आई असे तिघे आले. वडिलांनी विचारलं, "अण्णा आहेत का घरात?" मी हो म्हटलं आणि अण्णांना बोलवायला पळाले. अण्णा वरच्या मजल्यावर, डोक्याला फडकं बांधून जळमटं काढत होते. आम्ही खाली आलो तोवर मंडळी आत जाऊन बसलेली. मुलाच्या वडिलांनी टोपी रावबहादुरांच्या टोप्यांच्या स्टँडवर टांगली होती आणि स्वतः रावबहादुरांच्या आरामखुर्चीत पडून, तिच्या लांब हातांवर दोन्ही पाय टाकले होते. मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतात, आपलं नाव रावबहादूर का? अण्णांनी डोक्याचं फडकं काढलं, त्याची घडी घातली आणि म्हणाले, "प्रवास कसा झाला?"

त्यानंतरचा अर्धा तास आठवला की मला अजून कसंतरी होतं. अण्णा त्यांच्याशी एक वाक्य खोटं बोलले नाहीत, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मुलाचे वडील म्हणाले, "घर फार छान ठेवलंय हो." अण्णा म्हणाले, "ठेवावं लागतं." मुलाची आई बश्या उचलून उलटून बघत होती. "एवढं सगळं रोज घासायचं म्हणजे बाईमाणसाचे हाल." "रोज नाही, सोमवारी," अण्णा म्हणाले. मुलाचे वडील उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडल्याचा खरखर आवाज आला आणि आतून त्यांनी विचारलं, "पाणी गेलंय वाटतं?" "हो, गेलंय," अण्णा म्हणाले. ते रावबहादुरांबरोबरच गेलं होतं, हे काही सांगितलं नाही. मुलगा तेवढा कुठे बसला नव्हता. तो पियानोजवळ हात मागे बांधून उभा होता.

आई मागच्या दारातून खुणा करत होती. अण्णा तिच्याकडे गेले, मीही गेले. आई कुजबुजली, "अहो, त्यांना वाटतंय हे सगळं आपलं! सांगा ना त्यांना, मागे चला म्हणावं." अण्णांनी एकदा आत, दिवाणखान्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग म्हणाले, "पोहे इकडेच आण." आई म्हणाली, "इकडे? टेबलावर?" "हो. होऊ दे एकदा तिचं." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मागे गेली. अण्णांना कधी नव्हे ते असं खाली मान घालून उभं राहिलेलं बघितलं आणि मला रडूच फुटायच्या बेतात आलं.

ताई तोवर मागे चिंचेने पाट्या घासत बसलेली. तिला आईने काय सांगितलं कोण जाणे. ती साडी बदलून, पोह्यांच्या बश्या ताटात घेऊन आली तेव्हा अंगण आणि व्हरांडा ओलांडता ओलांडता पोहे निवले होते, त्यावरचं खोबरं सुकल्यासारखं दिसत होतं. तिने ताट टेबलावर ठेवलं. दिवाणखान्यात आरामखुर्ची भरलेली बघितली. अण्णांकडे बघितलं. अण्णांनी नजर झुंबराकडे वळवली.

मुलाची आई म्हणाली, "ये, बैस. पियानो तू वाजवतेस का गं?"

"नाही," ताई म्हणाली. "हात लावायचा नाही त्याला."

"अगंबाई! स्वतःच्या घरात हात लावायचा नाही? कोण रागावतं?"

"अण्णा रागावतात. त्यांची नोकरीच आहे ती." ताईचा आवाज शाळेत धडा वाचून दाखवतात तसा लख्ख होता. "हे संग्रहालय आहे. रावबहादुरांचं घर. आज बंद असतं म्हणून पाट्या घासायला काढल्यात. आमचं बिऱ्हाड मागे आहे, बग्गीखान्यात. पोहे तिथेच खाल्ले असते तर गरम मिळाले असते."

मुलाच्या वडिलांनी आधी एक पाय खाली घेतला, मग दुसरा. "म्हणजे हे तुमचं नाही?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"बापूसाहेब तर म्हणाले, तुम्ही स्वतः सांगितलंत. आपल्या दिवाणखान्यात झुंबर, आपला पियानो..."

"म्हणालो खरा," अण्णा म्हणाले. "तसं म्हणायची सवय आहे."

"सवय!" ते गृहस्थ उठले. "आणि आम्ही अर्धा तास इथे बसलोय, त्याचं काय? तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं? फसवायचंच होतं म्हणा ना सरळ!"

अण्णांनी मघाचं फडकं उलगडलं आणि पुन्हा घडी घातली. ते एवढे पांढरे पडले होते की मला भीती वाटली. मुलाने एक बशी हातात घेतली होती, चमचा अर्ध्यावर होता. त्याची आई म्हणाली, "मधू, ठेव ते. चल." त्याने बशी ठेवली. जाता जाता मुलाचे वडील दारातून वळून म्हणाले, "कळवतो." ते काय कळवणार, हे मलासुद्धा कळत होतं.

त्या रात्री मागे भांडण झालं. आई ताईला म्हणाली, "काय अडलं होतं गं तुझं? तासाभरात गेले असते!" ताई म्हणाली, "आणि मग? लग्नानंतर काय मी फक्त सोमवारीच माहेरी यायचं होतं? आणि बाकीच्या दिवशी माझी माणसं कुठे असतात म्हणून सांगायचं?" आई चुलीकडे वळली. अण्णा ताईशी बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तिने समोर चहा ठेवला तर घेत, पण वर बघत नसत. ताई माझ्यापाशी म्हणाली, "शैले, मी त्यांना चारचौघांत खाली बघायला लावलं. पण मी काय करायला हवं होतं, सांग ना." रावबहादुरांच्या खुर्चीपुढे अण्णांनी दोरी पुन्हा बांधली, पण कुणी बसायला गेलं तर आता नुसतं "बसू नका" म्हणत. आणि त्यांच्या तोंडातलं "आपल्याकडे" गेलं. "संग्रहालयात उद्या सहल आहे," असं ते आईला सांगत. परक्यासारखं वाटे ते ऐकायला. आम्ही कुठे राहतो तेच कळेनासं झालं मला.

रविवारी गर्दी असे, म्हणून तिकिटाच्या खिडकीवर ताई बसायची. मी तिच्याशेजारी स्टुलावर. दुपारी खिडकीत एक हात आला आणि आवाज आला, "एक द्या." ताईने तिकीट फाडलं आणि वर बघितलं तर तो सांगलीचा मुलगा. मधुकर. एकटाच.

ताई म्हणाली, "परवा फुकट बघून झालंय की."

"परवा पाट्या नव्हत्या," तो म्हणाला. "काय बघतोय ते कळलं नाही."

ताई हसली नाही, पण तिकीट देताना तिचा हात थांबला. "वडिलांना माहीत आहे, इथे आलाय ते?"

"कळवतो," तो म्हणाला.

अण्णांनी त्याला ओळखलं. त्यांनी त्याला बाकीच्या पाच-सात माणसांबरोबर घर दाखवायला घेतलं. मी मागे मागे होते. टोप्यांचा स्टँड, पंखा, झुंबर, पियानो, सगळं सांगितलं, पण सपाट आवाजात, पाठ म्हटल्यासारखं. तो प्रत्येक पाटी वाकून वाचत होता. आरामखुर्चीपाशी आल्यावर तो अण्णांना हळूच म्हणाला, "आमच्या वडिलांच्या वतीने माफी मागतो. पाय टाकून बसले होते." अण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. बाकीची माणसं वरच्या मजल्यावर जाऊन आली आणि दिवाणखान्यातल्या बाकावर टेकली, काही बायका झुंबराकडे बोट दाखवत उभ्या राहिल्या. तो काही जाईना.

"एक राहिलं," तो म्हणाला. "बग्गीखाना. त्याचं तिकीट वेगळं असतं का?"

ताई तेवढ्यात खिडकी बंद करून व्हरांड्यात आली होती. तिने ते ऐकलं. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. मग त्या मुलाला म्हणाले, "तो संग्रहालयात येत नाही. ते आमचं घर आहे. चला, दाखवतो."

ते पुढे झाले आणि बग्गीखान्याच्या दाराची दोन्ही कवाडं त्यांनी सताड उघडली. आत कड्यांना अडकवलेली सुपं, दोरीवरची लुगडी, कोपऱ्यातली चूल, सगळं उघड्यावर आलं. आई दचकून उठली, पदर सावरत उभी राहिली.

"अगं, पोहे कर," अण्णा म्हणाले.

"आत्ता?" आई म्हणाली. "अहो, आपल्याकडे माणसं आहेत अजून! फोडणीचा धूर जाईल दिवाणखान्यात."

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "मिरची जरा जास्तच घाल."

आईने तेल तापत ठेवलं. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, धूर झरोक्यातून वर गेला. ताई चुलीपाशी बसून कोथिंबीर चिरत होती आणि तो दारात चपला काढत होता. थोड्याच वेळात बंगल्यातून, झुंबराखालून, कुणीतरी जोरात शिंकलं.